मांजराच्या मापाची वाकळ

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी 1270 मध्ये नामदेव महाराज इथे जन्मले असे परंपरा सांगते, आणि त्यांच्याच नावाने गाव आता नर्सी नामदेव म्हणून ओळखले जाते. त्यांची एक कथा मराठी घरांत लहान पोरांनाही पाठ असते. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव काठी न उचलता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी पोळी त्याच्या घशाला लागू नये म्हणून. या कथेचे तात्पर्य बहुधा एकाच बाजूने सांगतात, की महाराजांना कुत्र्यातही विठ्ठल दिसला. ते खरेच आहे. पण विठ्ठल दिसल्यावर त्यांनी पुढे काय केले, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्यांनी कुत्र्याच्या कपाळी बुक्का लावला नाही की त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली नाही. कोरड्या पोळीला जे हवे होते ते, म्हणजे तूप, घेऊन ते धावले. समोर देव आहे हे ओळखल्यावरही सेवा त्या देहाच्या गरजेची झाली. शिंप्याच्या घरी वाढलेल्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. त्या धंद्यात अंगरखा कितीही सुंदर शिवला, तरी ज्याच्यासाठी शिवला त्याच्या अंगाला बसला नाही तर तो वायाच जातो.

या कथेच्या उजेडात एक अगदी घरगुती प्रश्न तपासावासा वाटतो. घरात पाळलेल्या मांजरासाठी जुन्या लुगड्याची, चादरीची लहानशी वाकळ शिवणे, हे धर्माच्या दृष्टीने काय आहे? भूतदया आहे, की निव्वळ लाड? की मोह? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण दयेचे मोठे सिद्धांत मोठ्या प्रसंगी कुणालाही मान्य असतात, त्यांची खरी पारख दुपारी रिकाम्या वेळी सुई हातात घेतल्यावर होते. शिवाय मांजर हा या बाबतीत फार उपयोगी जीव आहे. गाईची सेवा केली तर दूध मिळते, पुण्यही मिळते असे लोक मानतात. बैल शेतात राबतो. कुत्रा निदान शेपूट हलवतो. मांजर आभार मानत नाही, हाक मारल्यावर येईलच असेही नाही, आणि आपण खपून शिवलेल्या वाकळीवर ते झोपेलच याची तर काहीच शाश्वती नाही. त्यामुळे या कामात करणाऱ्याचा हेतू उघडा पडतो. माझे म्हणणे असे की हे शिवणकाम भूतदयेत मोडते, पण एका अटीवर: माप मांजराचे असले पाहिजे. माप न घेता केलेली दया ही करणाऱ्याची हौस असते. हौस वाईट नव्हे, पण तिला धर्माचे नाव देणे गैर आहे.

मांजराचे माप म्हणजे काय, हे आधी नीट पाहू, कारण सगळा वाद शेवटी त्यावरच येऊन ठेपतो. वेटोळे करून झोपलेले मोठे मांजर साधारण हातभर लांबी-रुंदीच्या जागेत मावते. म्हणजे माणसाची उशी त्याला पुरते आणि माणसाची गादी त्याला उघडे माळरान वाटते. त्याच्या अंगाचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, आणि भोवतालची हवा 30 ते 38 अंशांच्या दरम्यान असली तर अंगाची ऊब राखायला त्याला वेगळी ताकद खर्चावी लागत नाही. म्हणूनच डिसेंबरात ते चुलीच्या वैलापाशी जाऊन बसते. मे महिन्यात हिंगोलीचा पारा 40 च्या वर गेला की तेच मांजर मऊ अंथरूण सोडून शहाबादी फरशीवर अंग टाकते. दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपते, पण ती झोप सावध असते; पाठीशी आडोसा आणि समोर मोकळी वाट असेल अशी जागा ते निवडते. म्हणून सपाट वाकळीपेक्षा चार-पाच बोटे उंच काठ असलेली वाकळ त्याला बरी. आतला थर मायेने कितीही जाड भरला तरी पिसवांची अंडी त्यातच पडतात आणि तिथेच वाढतात, तेव्हा वर काढता-घालता येईल अशी खोळ हवी. ती दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकता आली पाहिजे. खोळीसाठी पाच-पन्नास वेळा धुतलेले सुती लुगडे सगळ्यांत चांगले. नव्या कापडातली खळ आणि रंगाचा वास मांजराला खपत नाही, आणि माणसांच्या अंगाला लागून मऊ झालेल्या कापडाचा वास त्याच्या ओळखीचा असतो. आपल्याकडे म्हण आहे की अंथरूण पाहून पाय पसरावे. इथे ती उलटी लागू करायची: पाय पाहून अंथरूण बेतायचे.

या मापातली सर्वांत महत्त्वाची बाब मऊपणा नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. माणूस अंथरुणात ऊब आणि मऊपणा शोधतो, म्हणून मांजरासाठी शिवतानाही तो कापूस ठासून भरतो. मांजराला मात्र आधी लपायला जागा हवी असते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांचे दोन गट केले. एका गटाला लपण्यासाठी साधे खोके दिले, दुसऱ्याला दिले नाही. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच कमी ताणाखाली दिसली आणि नव्या जागेला लवकर सरावली. खोक्यात कापूस नव्हता, आडोसा होता. आपल्या परंपरेने हीच गोष्ट फार आधी ओळखली आहे आणि तिला अभय म्हटले आहे. लीळाचरित्रात चक्रधर स्वामींची एक लीळा आहे: पारध्यांनी पाठलाग केलेला ससा जिवाच्या भीतीने धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला; स्वामींनी त्याला तिथे राहू दिले आणि पारध्यांना समजावून परत पाठवले. त्या सशाला चारा नको होता, थोपटणेही नको होते. त्याला अंगावर आच्छादन आणि भीतीतून सुटका हवी होती, आणि नेमके तेच त्याला मिळाले. गाडगे महाराजांच्या दशसूत्रीतही भुकेल्या-तहानलेल्या माणसांसाठी अन्नपाणी, उघड्यांसाठी वस्त्र, बेघरांसाठी आसरा असे सांगताना मुक्या प्राण्यांसाठी जे सांगितले आहे ते अभयच. त्यांच्या कीर्तनात देवळातल्या नवस-बळींवर किती कडाडून टीका असे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा शब्द तिथे सहज आलेला नाही हे कळेल. मांजराच्या वाकळीला काठ लावणे, ती दाराच्या वाऱ्यात न ठेवता कोपऱ्यात ठेवणे, घरातल्या लहान मुलांना झोपलेले मांजर ओढून काढू न देणे, हे सारे अभयदान आहे. कापूस त्यानंतर.

आता आक्षेपांकडे वळू. त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत भारदस्त आक्षेप भागवताच्या पाचव्या स्कंधातून येतो. भरत राजाने राज्य सोडले, गंडकीच्या काठी तो तप करू लागला. सिंहाच्या गर्जनेने घाबरून नदी ओलांडणारी हरिणी गाभडली आणि मेली. तिचे पाडस प्रवाहात वाहून चालले होते, ते भरताने उचलून आश्रमात आणले. पुढे त्याचे सगळे चित्त त्या पाडसात गुंतले. अंतकाळीही ध्यान तेच राहिले आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. पाळीव प्राण्याच्या प्रेमात अडकणाऱ्याला यापेक्षा स्पष्ट इशारा दुसरा नसेल. आणि जो मांजरासाठी वाकळ शिवतो तो भरताच्याच वाटेवर आहे असे कुणी म्हटले तर ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण कथा नीट वाचली तर तिथे दोष कशाला दिला आहे? पाडस पाण्यातून काढण्याला नाही. ते वाचवले नसते तर भरत तपस्वी नव्हे, निर्दय ठरला असता. त्याचे यमनियम एकेक करून सुटले, पाडस नजरेआड झाले की तो विलाप करू लागला, ते आपल्याशिवाय कसे जगेल या विचारातच त्याचे दिवस जाऊ लागले, तिथे तो चुकला. पाडस मोठे होऊन रानात जाण्याजोगे झाले होते. भरताचे मन तेवढे त्याला सोडत नव्हते. म्हणजे पाडसाची गरज संपली होती आणि भरताची उरली होती. हीच माप चुकण्याची खूण आहे. मांजराच्या बाबतीत ती फार लवकर ओळखता येते. आपण शिवलेल्या वाकळीकडे पाठ फिरवून मांजर हळदीच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन झोपले आणि शिवणाऱ्याला राग आला, त्याने ते उचलून पुन्हापुन्हा वाकळीवर आणून ठेवले, तर त्याने ती वाकळ स्वतःसाठी शिवली होती. त्याने वाकळच उचलून पोत्यापाशी नेली, किंवा खोळ उसवून वरती पोत्याचाच तुकडा लावला, तर मोह तिथल्या तिथे गळून पडला. भागवताचा इशारा मान्य करूनच शिवता येते.

दुसरा आक्षेप पश्चिमेतून येतो आणि तो आजच्या सुशिक्षित वाचकाला अधिक पटतो. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने आपल्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत असे मांडले की प्राण्यांविषयी आपले थेट असे कर्तव्य नाही. प्राण्यांशी जो क्रूर वागतो तो माणसांशीही कठोर होतो, म्हणून प्राण्यांवरची दया ही माणुसकीची तालीम आहे. आपल्याकडेही हाच विचार वेगळ्या शब्दांत ऐकू येतो: मन शुद्ध होते, चित्त कोमल होते, म्हणून मुक्या जिवांची सेवा करावी. यात सेवा करणाऱ्याच्या मनाला महत्त्व आले आणि मांजर निमित्त झाले. या मताचे खंडन करायला मोठा युक्तिवाद लागत नाही, सुईतला दोरा पुरतो. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. दोऱ्याचे टोक एकदा तोंडात गेले की त्या काट्यांमुळे ते थुंकून टाकणे त्याला जमत नाही. दोरा आतच ओढला जातो. त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकले आणि उरलेला दोरा आतड्यात उतरला, तर आतडे त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होते आणि कापलेही जाते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर मांजर मरते. दोऱ्याबरोबर सुईही गेली तर आणखी लवकर. आता समजा, एखाद्या गृहिणीने मोठ्या प्रेमाने वाकळीला चारी कोपऱ्यांना रेशमी गोंडे लावले, आरसे टाकले, मणी ओवले, काठाशी दोऱ्याची झालर सोडली. तिचे मन पूर्ण शुद्ध आहे. माणुसकीची तालीमही पुरी झाली. पण मांजराने गोंड्याशी खेळता खेळता दोरा गिळला. कांटच्या हिशेबाने तिच्या कर्तव्यात काहीच कमी राहिले नाही. तरी कमी राहिले आहे, हे कुणालाही कळते. जे कमी राहिले ते मांजराचे राहिले. म्हणजे कर्तव्य मांजराविषयीच होते, थेट. दोऱ्याचे प्रत्येक टोक आत दडवून गाठ मारणे, बटण न लावणे, धावदोरा बारीक घालणे, काम संपल्यावर सुई, दाभण आणि दोऱ्याचे रीळ झाकणाच्या डब्यात ठेवणे, ही त्या कर्तव्याची अक्षरे आहेत. ती गाळली तर कोमल चित्त काही कामाचे नाही.

तिसरा आक्षेप हिंगोली जिल्ह्यातच उभा राहू शकतो. शिरड शहापूरला मल्लिनाथांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. तिथे दर्शनाला येणारा एखादा व्रती श्रावक म्हणेल की, अभयदानाचे महत्त्व आमच्याइतके कुणी सांगितले नसेल. पण मांजर स्वतः हिंसक आहे, त्याला पोसणे, त्याची बडदास्त ठेवणे म्हणजे उंदरांच्या हत्येला हात लावणे. हे त्याचे वैयक्तिक मत नसेल. कार्तिकेयानुप्रेक्षा या प्राकृत ग्रंथात मांजरासारखे प्राणी पाळणे हे शस्त्रांच्या विक्रीबरोबर अनर्थदंडात, म्हणजे निष्कारण हिंसेत, धरले आहे. हिंदू वाङ्मयातही मांजराची प्रतिमा फारशी चांगली नाही. महाभारतात उद्योगपर्वात गंगाकाठी तपाचे सोंग आणून उंदरांना फसवणारा बोका आहे. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटावर तोच बोका मागच्या पायांवर उभा राहून तप करतो आहे. धर्मग्रंथांत दांभिकाला मांजराची उपमा देतात. सोंगाचा आरोप बाजूला ठेवता येतो, कारण सोंग माणसाचे असते, मांजराने ते कधी आणलेले नाही. हिंसेचा आरोप मात्र बाजूला ठेवता येत नाही. मांजर मांसाहारी आहे, तेही पर्याय नसलेले. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते, आणि दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजराची उपासमार होते. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना तर दूध पचतही नाही. त्याला शाकाहारी करू पाहणारा माणूस पुन्हा आपलेच माप त्याच्यावर लादतो.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला कोणत्याही हिंसेचा स्पर्श नको त्याने मांजर विकत आणू नये, हौसेने पाळू नये, हे म्हणणे मला मान्य आहे. पण बहुतेक मांजरे कुणी विकत आणलेली नसतात. ती माणसाच्या धान्यामागे आली आहेत. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडले. शेती सुरू झाली, कोठारे भरली, कोठारांवर उंदीर आले आणि उंदरांवर मांजर आले. हिंगोली, वसमतच्या हळद आणि सोयाबीनच्या गोदामांत आजही हीच साखळी चालू आहे. कोठार आपण बांधले, तेव्हा मांजराच्या येण्याला आपणच कारण आहोत, आणि आलेल्या जिवाची जबाबदारी आपण टाळू शकत नाही. हिंसा कमी करण्याची वाटही त्या जबाबदारीतूनच जाते. इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात मांसातल्या प्रथिनांचा भरपूर आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी खेळल्यावर 25 टक्क्यांनी. पोट नीट भरलेले, घरात हक्काची जागा असलेले मांजर तेवढे कमी मारते. दात मात्र तेच राहतात. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांच्या एका शाखेने याच दातांवरून ईश्वरकृपेचा मार्जारन्याय सांगितला: पिल्लू काहीही करत नाही, आईच त्याला मानेला धरून सुरक्षित नेते. उंदराचा जीव घेणाऱ्या त्या दातांची पिल्लाच्या मानेवर खूणही उमटत नाही. त्या पंथातल्या दुसऱ्या शाखेने माकडाच्या पिलाची बाजू घेतली, आईला घट्ट धरून ठेवण्याचे कष्ट जिवानेही केले पाहिजेत असे म्हटले, आणि हा वाद शतकानुशतके चालला. आपल्यापुढच्या प्रश्नापुरते त्यातून एवढेच घ्यायचे की ज्या प्राण्याला आपण फक्त हिंस्र म्हणतो, त्याच्याकडे पाहून मोठ्या आचार्यांना परमेश्वराची शरण्यता कळली. तोच प्राणी पिल्लांसाठी आपण दिलेली जागा सहसा पसंत करत नाही. मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते असे बायका म्हणतात. ती पिल्ले घेऊन माळ्यावर गेली तर वाकळ माळ्यावर पोचवावी. पिल्ले खाली आणू नयेत.

सगळ्यांत टोचणारा आक्षेप याहून साधा आहे, आणि त्याला ग्रंथाचा आधार लागत नाही. ज्या मराठवाड्यात कापूस पिकवणाऱ्याच्या घरी पांघरायला पुरेसे नाही, जिथून दर हंगामाला ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कोपीत थंडी काढतात, तिथे मांजराला अंथरूण? जो हा प्रश्न विचारतो त्याच्या रागाचा मला आदर वाटतो. आणि बाजारात मिळणाऱ्या, हजार-दीड हजार रुपयांच्या मखमली गाद्यांविषयी हा प्रश्न असेल, तर मी त्याच्या बाजूचा आहे. पण घरी शिवलेल्या वाकळीत काय जाते ते पाहावे. वाकळ शिवणारी बाई मोठ्या माणसाच्या वाकळीसाठी धड कापड आधी बाजूला काढते. मग लेकरांच्या दुपट्याला पुरेल असे. त्यातूनही जे उरते, फाटक्या बाह्या, गळ्याच्या कापलेल्या पट्ट्या, विरलेल्या लुगड्याचा मधला भाग, ते माणसाच्या अंगाला पुरत नाही. फडके होते, नाहीतर चुलीत जाते. हातभर जागेत मावणाऱ्या मांजराला ते पुरते. त्या चिंध्यांसाठी कोणत्याही माणसाच्या अंगावरचे पांघरूण ओढावे लागत नाही. गाडगे महाराजांनी उघड्यांना वस्त्र आणि मुक्यांना अभय एकाच दमात सांगितले तेव्हा त्यांना या दोहोंत भांडण दिसले नसावे, आणि ते स्वतः तर ठिगळांच्या कपड्यांत हिंडले. मात्र इथेही एक रेघ ओढावी लागते, आणि ती मी मोकळेपणाने ओढतो. ज्या घरात कामाला असलेले पोर उघड्या फरशीवर झोपते आणि मांजर वाकळीवर, त्या घरातली वाकळ अधर्माची आहे. तिथे आधी पोराला अंथरूण, मग मांजराला.

मांजराला मुळात गरज नाही, ते कुठेही झोपते, हा आक्षेप वरवर बळकट दिसतो. कुठेही झोपते हे खरे. पण रस्त्याकडेच्या ट्रकच्या इंजिनावर, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ, थंडीत उभ्या केलेल्या जीपच्या बॉनेटखालीही झोपते, आणि गाडी सुरू झाली की जिवानिशी जाते. ऊब आणि आडोसा त्याला हवाच असतो. तो कुठे मिळावा एवढाच प्रश्न आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला दिलेले, आणि देश, काळ, पात्र पाहून दिलेले, असे दोन्ही सांगितले आहे. परतफेड न करण्याच्या बाबतीत मांजर पुरेपूर उतरते. देश, काळ आणि पात्र पाहणे म्हणजे माझ्या मते मापच: हिवाळ्यात चुलीजवळ, उन्हाळ्यात फरशीवर पातळ खोळ, म्हाताऱ्या मांजरासाठी उडी न मारता पोचता येईल इतक्या खाली. इस्लामी परंपरेतही हेच दिसते, आणि हिंगोलीतल्या मुसलमान वाचकांना ते सांगायची गरज नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात एका बाईला मांजराला कोंडून ठेवल्याबद्दल शिक्षा झाल्याचे येते. तिच्यावरचा ठपका दुहेरी आहे, तिने त्याला खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन स्वतःचे खाणे मिळवण्याची मोकळीकही दिली नाही. दार बंद करून घातलेल्या मऊ अंथरुणाला हा ठपका लागू पडतोच. बाराव्या शतकातले इराकमधले सूफी अहमद रिफाई यांच्याविषयी अशी कथा सांगतात, की त्यांच्या बाहीवर मांजर झोपले असताना नमाजाची वेळ झाली; त्यांनी बाही कापली, नमाज अदा केली, आणि मांजर उठून गेल्यावर कापलेली बाही पुन्हा शिवून जोडली. त्यांच्या परंपरेतला दर्गा शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला आहे. या कथेत मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते शिवणे. रिफाईंनी नमाज चुकवली नाही, भरत राजासारखे नियम सोडले नाहीत. मांजराची झोपही मोडली नाही. दोन्ही सांभाळायला एक बाही कापावी लागली, आणि तेवढीच कापली.

आता पुन्हा नामदेवांकडे वळू. औंढा नागनाथला त्यांच्याच जीवनातला दुसरा मोठा प्रसंग घडला असे मानतात. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले की जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि जिथे पाय ठेवावे तिथे पिंड दिसू लागली. हा बोध घेऊनच पुढचे नामदेव झाले, पंजाबात घुमानपर्यंत गेले, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आली. या बोधातून कुणी असे काढील की सर्वत्र देवच आहे, तर मांजर आणि माणूस, पोते आणि वाकळ, यांत फरक करायचाच कशाला? जे आहे ते ठीक आहे. सर्वात्मभावाचा हा आळशी अर्थ आहे, आणि अद्वैताचे नाव घेऊन तो बराच खपवला जातो. नामदेवांनी तो घेतला नाही. सर्वत्र देव पाहिल्यावरही त्यांनी आपल्या पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा टाकून दिले नाहीत. मनाचा गज केला, जिभेची कात्री केली आणि भक्तीचे शिवणकाम चालू ठेवले. सगळ्या देहांत एकच आहे असे ज्याला कळले, त्याला प्रत्येक देहाचे वेगळे माप घ्यावे लागते, नाहीतर त्या एकाची सेवा करायची कुठे? कुत्र्याला तूप, सशाला आडोसा, पाडसाला वेळेवर रान, मांजराला काठ असलेली हातभर वाकळ.

म्हणून घरात मांजर असेल आणि जुने कापड पडले असेल, तर शिवा. कात्री लावण्याआधी काही दिवस ते कुठे झोपते, उन्हात की सावलीत, उंचावर की पोत्याआड, हे लक्ष देऊन पाहा आणि वाकळ त्याच जागेवर ठेवा. मणी, आरसे, गोंडे, बटणे लावू नका. पहिल्या आठवड्यात त्याने वाकळीकडे पाहिले नाही तर ओढून आणू नका. आणि काम संपल्यावर लोंबणारा एकूणएक दोरा कापून, सुई मोजून डब्यात ठेवा.